टाके पिकतात तेव्हा

तुटलेली शीर बांधायची कशी, हे माणसाला फार आधीपासून माहीत होतं. बांधलेली शीर पिकू द्यायची नाही, हे उमजायला मात्र एकोणिसावं शतक निम्म्याहून अधिक सरावं लागलं. मधल्या काळात शस्त्रक्रियेतून वाचलेली कितीतरी माणसं पुढे पुवाने दगावली.

वाहतं रक्त थांबवण्याचे चार उपाय सुश्रुतसंहितेत सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. जखमेला गुग्गुळ, मोहरी, कडुनिंब यांची धुरी देण्याचा विधीही तिथे आहे. गावोगावी तुंबडी लावणारे वैदू आणि जळवा लावणारे लोक होते, त्यांचाही संबंध रक्ताशीच होता. पण त्यांचं काम वरवरच्या शिरांपुरतं. मांडीतली मोठी धमनी बांधायची आणि माणूस चालता घरी पाठवायचा, ही गोष्ट त्यांच्या आवाक्याबाहेरची होती.

ते धाडस डिसेंबर 1785 मध्ये लंडनच्या जॉन हंटरने केलं. रोगी एक गाडीवान. त्याच्या गुडघ्यामागच्या धमनीला मोठा फुगा आला होता. अशा रोग्याचा तेव्हा बहुधा पायच कापत. हंटरने मांडीत चीर घेतली आणि वरच्या बाजूलाच धमनी दोऱ्यांनी बांधली. पाय वाचला. पण दोऱ्यांची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवलेली होती, कारण ती कुजून, पुवाबरोबर सुटून येतील, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. त्या काळी घट्ट पांढऱ्या पुवाला जखम बरी होत असल्याची खूण मानत. दोरा सैल झाला का हे पाहायला तो वरचेवर हलकेच ओढून बघत. आणि ज्या जागी दोरा कुजे, तिथेच धमनीची भिंतही कुजे. मग शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा दिवसांनी, रोगी सुधारतोय असं वाटत असताना एकाएकी रक्ताची चिळकांडी उडायची. पुढे जवळपास ऐंशी वर्षं रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेला या दुसऱ्या रक्तस्रावाने ग्रासलं होतं.

जोसेफ लिस्टरने 1865 मध्ये ग्लासगोत जंतू मारणाऱ्या कार्बोलिक अ‍ॅसिडचा प्रयोग हाड मोडलेल्या एका मुलावर केला, हे शाळेतही शिकवतात. त्याने लगोलग धमन्यांच्या दोऱ्याकडे लक्ष वळवलं, हे तितकं सांगितलं जात नाही. आधी घोड्याच्या मानेतली धमनी कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या रेशमी दोऱ्याने बांधून पाहिली. मग 1868 मध्ये एका एक्कावन्न वर्षांच्या बाईची मांडीकडे जाणारी धमनी तशीच बांधली आणि दोऱ्याची टोकं आखूड कापून जखम शिवून टाकली. जखम पू न होता भरली. दहा महिन्यांनी ती बाई दुसऱ्याच एका फुग्यामुळे वारली, तेव्हा शवविच्छेदनात रेशमाचा उरलेला भाग आणि भोवती थोडासा द्रव आढळला. शरीरात विरघळणारा दोरा हवा, हे लिस्टरला तिथे पटलं, आणि तो जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तातीकडे, म्हणजे कॅटगटकडे वळला. वैद्यकाच्या इतिहासात मोठमोठ्या यंत्रांचं कौतुक फार होतं. हा आखूड कापलेला दोरा त्या यंत्रांच्या तोडीचा आहे.

1876 मध्ये लिस्टर फिलाडेल्फियाच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत आपली पद्धत समजावून सांगायला गेला होता. त्याच शहरातून जवळपास दहा वर्षांनी, मार्च 1886 मध्ये, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली. हेच आजचं सीपीआर रुग्णालय. आनंदीबाई त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. नव्या शिस्तीत शिकलेले हात कोल्हापूरच्या बायकांच्या वाट्याला यायचे होते, ते आले नाहीत, याची हळहळ आजही वाटते.

ती शिस्त या भागात रुजवण्याचं मोठं काम मिरजेच्या मिशन हॉस्पिटलने केलं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये भारतात आले, आणि 1894 मध्ये मिरजेचं इस्पितळ सुरू झालं. त्याआधीच्या काही वर्षांत शस्त्रक्रियेची पद्धत पुन्हा बदलली होती. जखमेतले जंतू मारत बसण्यापेक्षा ते आत जाऊच द्यायचे नाहीत, म्हणून हत्यारं आणि कपडे वाफेत निर्जंतुक करण्याचा मार्ग बर्लिनच्या शल्यविशारदांनी दाखवला होता. वॉनलेस यांनी 1897 मध्ये मिरजेत वैद्यकीय शाळाही काढली.

पण दूरच्या गावांना ही इस्पितळं गाठणं सोपं नव्हतं. कोल्हापूर भागातलं आजरा घ्या. ते तेव्हा इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या जहागिरीत होतं. आंबोली घाटाच्या माथ्याजवळचा, मुसळधार पावसाचा आणि भातशेतीचा हा मुलूख. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये आली, पण ती कोल्हापूरला संपत होती. तिथपर्यंत आजऱ्याच्या रोग्याला बैलगाडीच. शस्त्रक्रिया शहरात आणि जखम भरायची ती गावात, ही विभागणी तेव्हापासून चालत आली आहे.

पायाच्या शिरांचा प्रश्न इथे आणखी एका कारणाने बिकट होतो. सीमेपलीकडे निपाणी आहे, विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. 1981 मध्ये तिथल्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी मोठं आंदोलन केलं, त्यात गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. ज्या पिकावर या घरांची चूल पेटते, त्याच पिकाने कितीकांचे पायही नेले. लिओ बर्गरने 1908 मध्ये वर्णन केलेला, बर्गरच्या नावानेच ओळखला जाणारा आजार मुख्यतः तरुण, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांना गाठतो. बोटं आधी दुखतात, मग काळी पडतात. अशा पायाला रक्त कमी पोचतं, म्हणून त्यावरची जखमही भरता भरत नाही. मधुमेहाने ही अडचण वाढवली आहे.

बंद पडलेल्या धमनीला वळसा देऊन रक्त पुढे न्यायचं, तर नवी वाट हवी. पायातलीच शीर वापरता आली तर उत्तम. ती नसेल तेव्हा काय? 1952 मध्ये अमेरिकेत आर्थर वुऱ्हीस आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम कापडाची नळी वापरली. पुढे मायकेल डीबेकींनी डॅक्रॉनची नळी पत्नीच्या शिलाई मशीनवर शिवली. डॅक्रॉन म्हणजे पॉलिस्टर, आपल्याकडे टेरिलीन म्हणून ओळखलं गेलेलं कापड. त्याच दशकांत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन महाधमनीच्या आजारांवर शस्त्रक्रिया करत होते.

पण परक्या वस्तूवर जंतू चिकटले की त्यांचा थर बसतो आणि औषध आत पोचत नाही. डेट्रॉईटच्या एमेरिक सिलाजी यांनी 1972 मध्ये या संसर्गाच्या तीन पायऱ्या मांडल्या: कातडीपुरता, कातडीखालच्या थरात उतरलेला, आणि थेट नळीला भिडलेला. तिसऱ्या पायरीला पोचलं की नळी काढावी लागू शकते, पाय जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सर्वांत नाजूक जागा जांघेची. तिथे घडी, घाम, लसिकाग्रंथी आणि मलमूत्राच्या जागा शेजारी शेजारी असतात.

काही उपाय फार साधे निघाले. जॉन बर्क यांनी 1961 मध्ये गिनीपिगवर दाखवून दिलं की प्रतिजैविक जंतू शिरण्याआधी द्यायला हवं, नंतर दिलं की उपयोग घटतो. म्हणून आज इंजेक्शन चीर घेण्यापूर्वी तासाभरात देतात. वस्तऱ्याने केस काढल्याने कातडीला बारीक ओरखडे पडतात आणि संसर्ग वाढतो, हेही सिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या सूचना वस्तरा नकोच म्हणतात. तरी आदल्या रात्री वस्तरा फिरवण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही. ती सुटायला हवी.

शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग 30 दिवसांपर्यंत, आणि आत कृत्रिम नळी असेल तर 90 दिवसांपर्यंत मोजतात. राज्याच्या जीवनदायी योजनेत, आताच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, अशा शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा 10 दिवसांचा धरलेला आहे. उरलेले दिवस रोगी घरी असतो, कधी भातलावणीच्या चिखलात, कधी ओल्या भिंतींच्या खोलीत. टाके पिकले तर पहिल्यांदा ते पाहणारा माणूस घरचाच असतो किंवा गावच्या दवाखान्यातला. म्हणून त्या घराला आणि दवाखान्याला नीट माहिती हवी, आणि शहरातल्या शल्यविशारदाचा फोन नंबर त्यांच्याजवळ हवा.

तोवर इतकं लक्षात ठेवावं. जखम लाल, गरम किंवा ओली झाली, ताप आला, तर मलम लावून वाट पाहू नये. हळद, राख किंवा शेण जखमेला लावू नये. विडी आणि मिश्री पूर्ण थांबवावी. आणि शिरेची शस्त्रक्रिया झालेल्या जांघेतून रक्ताचा एक थेंब जरी आला, तरी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरून त्याच घटकेला रुग्णालय गाठावं. तो थेंब मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ सूचना असू शकतो.