वाशिमला टीव्ही आधी छापून आला

२५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवले. दूरदर्शनने तो अंतिम सामना थेट दाखवला, पण वाशिमने तो ऐकला. त्या वर्षी या भागात टीव्हीचे चित्र पोचवणारे प्रक्षेपण केंद्रच नव्हते. नाव, चेहरा, कार्यक्रमाची वेळ, कोणत्या मालिकेत कोण आहे, रंगीत संचाची किंमत काय, हे सगळे इथे कागदावर छापून येत होते आणि वाचले जात होते. चित्र त्यानंतर आले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभीची टीव्हीविषयक नियतकालिके जमवणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे. ते मुंबई-पुण्याकडे जेवढे लक्ष देतात तेवढे वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर या गावांकडे देत नाहीत. माझ्या मते ते चुकते आहे. मुंबईत सापडलेला अंक कार्यक्रमाविषयी सांगतो. वाशिमात सापडलेला अंक वाचकाविषयी सांगतो. म्हणूनच इथल्या अंकाचे मोल त्याच्या कोरेपणावर ठरवता येणार नाही. त्याच्यावर उमटलेल्या, फाटलेल्या, कापलेल्या खुणांतच ते आहे.

आधी भूगोल पाहू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागले. मुंबईपासून वाशिम रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब. नागपूर त्यामानाने जवळचे, तरी तेही सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून अधिक. तिथल्या लहरी इथवर धडपणे पोचणे अवघडच. १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, नोव्हेंबरात दिल्लीचे एशियाड झाले, आणि सगळ्या देशाने ते पाहिले असे आपण सहज लिहून जातो. त्या ‘सगळ्या देशा’त वाशिम नव्हते. उपग्रहाचेही तेच: इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये सुटला आणि सप्टेंबरात निकामी झाला, इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस गेला. त्यानंतर १९८४ मध्ये गावोगावी छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी करण्याचा धडाका सुरू झाला. देशातली जी संख्या वर्षाच्या आरंभी पन्नाशीच्या आत होती, ती वर्षअखेर दीडशेच्या पुढे गेली. ही केंद्रे १०० वॅटची, टप्पा जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरचा. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावी चित्र आले तरी दोन गावे पलीकडे पुन्हा मुंग्याच. १९७२ पासूनची ही बारा वर्षे, आणि आडगावांच्या बाबतीत त्याहून अधिक, वऱ्हाडाच्या या दक्षिण भागाने टीव्ही वाचून ओळखला.

वाचायला तो येई कसा? अकोला हावडा-मुंबई मुख्य मार्गावर. तिथून खाली वाशिम, हिंगोली, पूर्णेकडे जाणारी मीटरगेज. ती ब्रॉडगेज व्हायला २००८ उजाडले. कारंज्याला मूर्तिजापूरहून नॅरोगेज, लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’. जिथे रेल्वे नाही तिथे एस.टी. मुंबईत छापलेल्या साप्ताहिकाला वाशिमच्या वाचकापर्यंत पोचायला गाडी बदलावी लागे, गठ्ठा उतरवावा-चढवावा लागे. पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम देणारा अंक त्या आठवड्याच्या मध्यावर हाती पडला तर मुंबईच्या वाचकाला तो निरुपयोगी. वाशिमच्या वाचकाचे त्याने काहीच बिघडत नव्हते, कारण त्या वेळापत्रकाने त्याला काही लावून बघायचे नव्हते. वेळापत्रकाचा हा वेगळा उपयोग समजून घेतल्याशिवाय इथले वाचन समजणार नाही.

संग्राहकांची एक अडचण अशी की ‘टीव्हीचे मासिक’ म्हणून वेगळे काढून दाखवावे असे या काळात आपल्याकडे फार थोडे होते. ब्रिटनमध्ये ‘रेडिओ टाइम्स’ १९२३ पासून, अमेरिकेत ‘टीव्ही गाइड’ १९५३ पासून. आपल्याकडे नभोवाणीचे ‘इंडियन लिसनर’ १९३५ ला निघाले, १९५८ ला त्याचे ‘आकाशवाणी’ झाले. पण ते मुख्यतः रेडिओचे. मुंबई दूरदर्शन तर पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम स्वतःच ‘साप्ताहिकी’तून सांगत असे, त्यामुळे ज्याच्या घरी संच आहे त्याला छापील यादीची निकड कमी. मराठीतला टीव्हीवरचा मजकूर मुख्यतः सिनेमाच्या साप्ताहिकांत, रविवारच्या पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत विखुरला गेला. नाशिकचे ‘रसरंग’, मुंबईचे ‘लोकप्रभा’, हिंदीतले १९७४ पासूनचे ‘मायापुरी’ अशांच्या आतल्या पानांत तो शोधावा लागतो. रद्दीवाल्याकडून आणि लिलावातून अंक घेणारे मुखपृष्ठ पाहून घेतात. अमिताभ असला की भाव चढतो. आत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव’विषयी अर्धे पान आहे की नाही हे उलटून पाहणारे कमी. त्यामुळे टीव्हीच्या इतिहासाचा कागद बहुतेक वेळा दुसऱ्याच नावाखाली विकला जातो, आणि नको म्हणून टाकलाही जातो.

हा कागद जपावा याचे पहिले कारण सर्वांना पटेल असे आहे. त्या काळातले पुष्कळ कार्यक्रम थेट जात. जे टेपवर जात त्यांच्या टेपा महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. चित्र गेले, त्याची बातमी राहिली. क्रिकेटमध्ये याचे ठळक उदाहरण आहे: १९८३ च्याच स्पर्धेत टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध कपिल देवने केलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रीकरणच नाही, जे उरले ते छापील वर्णन आणि छायाचित्रे. पण एवढ्यावर थांबलो तर वाशिमच्या अंकाची गरजच काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. मजकूर तोच असेल तर मुंबईची प्रत पुरे.

त्याचे उत्तर याच जिल्ह्यातल्या कारंज्याने शंभर वर्षांपूर्वी दिले आहे. कारंजा लाडच्या तीन जैन मंदिरांत, बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघाच्या भांडारांत, शेकडो वर्षांची हस्तलिखिते सांभाळून ठेवलेली होती. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित सूचीने त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे हिरालाल जैन या भांडारांतल्या अपभ्रंश ग्रंथांच्या मागे लागले आणि ज्या भाषेचे साहित्य जवळजवळ बुडाले असे समजले जाई, तिचे ग्रंथ कारंज्याहून एकामागून एक बाहेर आले. १९३१ ला प. ल. वैद्यांनी संपादलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’, १९३३ ला ‘णायकुमारचरिउ’, १९३४ ला कनकामराचे ‘करकंडचरिउ’. आता यातली मुद्द्याची गोष्ट. अशा पोथीच्या शेवटी लेखक-प्रशस्ती असते: कोणी नकलली, कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणाला दान दिली. ग्रंथाचा पाठ ठरवताना अभ्यासक चार प्रती ताडून पाहतो. पण समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रतीची प्रशस्ती वेगळी हवी असते, कारण मजकूर एक असला तरी माणसे निराळी. पोथी कारंज्यात लिहिली गेली नसेल, गुजरातेतून किंवा उत्तरेतून आली असेल. ती कारंज्यात आली, वाचली गेली, राखली गेली, हाच कारंज्याचा इतिहास.

छापील साप्ताहिकाला प्रशस्ती नसते असे वाटते, पण असते; फक्त ती एका माणसाने एका जागी लिहिलेली नसते. ओळीने पाहा. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने घातलेला आकडा किंवा आडनाव: एजंटाने गिऱ्हाईकाला वेगळा काढून ठेवलेला अंक. वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, आणि नशीब असेल तर त्यात हाताने घातलेली आवक तारीख. अंकावरची छापील तारीख आणि ही तारीख यांतले अंतर म्हणजे मुंबई ते वाशिम हा प्रवास दिवसांत मोजलेला. मधल्या पानांना शिवणीसाठी पाडलेली भोके: हा अंक वाचनालयाच्या बांधीव फायलीत होता. वेस्टन, क्राउन, डायनोरा अशा संचांच्या जाहिरातीखाली विक्रेत्यासाठी सोडलेली मोकळी चौकट, त्यात रबरी शिक्का असेल तर कोणत्या गावचा. स्पर्धेचे कूपन कापून नेल्याचे चौकोनी भोक, किंवा छायाचित्राभोवती कात्रीने गोल फिरून काढलेला चेहरा. बाजारात अशा अंकाला ‘खराब प्रत’ म्हणतात आणि भाव पाडतात. वास्तविक ते भोक म्हणजे त्या मजकुराने कोणाला तरी कात्री उचलायला लावल्याची नोंद आहे. ज्याने टीव्हीवर कधी ‘छायागीत’ पाहिले नव्हते त्याने निवेदिकेचे चित्र कापून ठेवावे, ही गोष्ट कोणत्याही सरकारी अहवालात सापडायची नाही.

यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत दोन वजनदार आहेत. पहिला असा की १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात १९५६ पासून वृत्तपत्रे आणि नियतकालिकेही आली. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई, चेन्नई, दिल्ली येथे प्रकाशकाने प्रत पाठवणे बंधनकारक. मग खाजगी संग्रहांची एवढी ओढाताण कशाला? कायद्याने मजकूर वाचतो, हे खरे, आणि जिथे प्रकाशकांनी तो पाळला तिथे त्याचे ऋण मोठे आहे. पण प्रकाशकाच्या कचेरीतून थेट ग्रंथालयात गेलेली प्रत वाचकाच्या हाताला लागलेलीच नसते. तिला मुंबई ठाऊक आहे, वाशिम नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड: आज वाशिमच्या रद्दीत सापडलेला अंक तेव्हा वाशिमातच वाचला गेला हे कशावरून? रद्दी फिरते, नागपूरच्या सीताबर्डीवरचा गठ्ठा बदलीच्या नोकरदाराबरोबर इथे येऊ शकतो. हे मान्यच केले पाहिजे. म्हणूनच ज्या अंकावर शिक्का, पत्ता, वेष्टन, एजंटाची खूण यांपैकी काहीच नाही, तो वाशिमचा म्हणून मांडू नये. ज्याच्यावर आहे, त्याची संख्या कमी असली तरी तोच पुरावा धरावा. संग्रह लहान होईल, पण त्यावर भिस्त ठेवता येईल.

हे अंक घेणारी माणसे मूठभर, शिकलेली, पगारदार, तेव्हा त्यांवरून गावाबद्दल काय सांगणार, असेही म्हटले जाते. घेणारे मूठभर होते हे बरोबर. वाचणारे तेवढेच होते हे मात्र बरोबर नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालयांना अनुदान मिळू लागले, आणि तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या मोफत वाचन कक्षातला एक अंक अनेकांच्या हातांतून जाई. सलूनमधला, हॉटेलातला अंक त्याहून अधिक. कडा काळ्या पडलेला, कोपरे गोल झालेला अंक हेच सांगतो. शेवटी तो किराण्याच्या दुकानी पुड्यांसाठी जाई.

एक व्यावहारिक गोष्ट संग्राहकांनी आणि सूची करणाऱ्यांनी मनावर घ्यावी असे फार वाटते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात, बक्षीसपात्र स्पर्धकांच्या यादीत, वर्गणीदाराच्या वेष्टनावर ‘जि. अकोला’ असेच असणार. जिल्ह्याच्या आजच्या नावाने शोधणाऱ्याला ऐंशीच्या दशकातले काहीही सापडणार नाही आणि ‘इथे कोणी वाचतच नव्हते’ असा निष्कर्ष निघेल. शिवाय नुसते ‘मालेगाव’ लिहिले असेल तर ते आपले मालेगाव जहांगीर की नाशिकचे? नुसते ‘कारंजा’ असेल तर लाडांचे की वर्धा जिल्ह्यातले घाडग्यांचे? टपाल शिक्का जपला असेल तर हा गुंता सुटतो. वेष्टन फाडून अंक ‘स्वच्छ’ करणारा संग्राहक नेमका तोच दुवा कचऱ्यात टाकतो.

वेळ थोडा आहे. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लाने आपोआप तपकिरी होऊन तुकडे पडणारा. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ते आणखी लवकर होते. गंजलेल्या पिना काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, आणि बांधणीवाल्याला कडा कापू देऊ नयेत, कारण पेन्सिलीचे आकडे कडेलाच असतात. वाचनालये जुनी नियतकालिके निर्लेखित करून रद्दीत काढतात. जागेची अडचण खरी आहे, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. निदान १९८५ पर्यंतच्या फायली विकण्याआधी शिक्क्याची आणि जाहिरातींची पाने छायांकित करून घ्यावीत, एवढे जिल्हा पातळीवर ठरवणे अवघड नाही. त्यांच्या जोडीला टीव्हीचे परवाना-पुस्तक मिळाले तर तेही घ्यावे. १९८४-८५ च्या सुमारास परवाना पद्धत रद्द होईपर्यंत पोस्टात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, आणि पहिल्या नोंदीवरचा पोस्टाचा शिक्का त्या घरी संच कधी आला ते सांगतो. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे अंक शेजारी ठेवून पाहावेत: कूपने कधीपर्यंत कापली गेली, चेहरे कधीपर्यंत कापले गेले, आणि वेळापत्रकावर पेनाने पहिली खूण कोणत्या आठवड्यात झाली.