तंबूचं ओझं: बादशहाच्या डेऱ्यापासून आपल्या सॅकपर्यंत

"दोन माणसांचा तंबू घ्यायचाय. हलका पाहिजे, पण वादळपावसात टिकला पाहिजे." पाठीवर सॅक टाकून पचमढी नाहीतर हिमालयाकडे निघणाऱ्या नागपूरकरांचा हा नेहमीचा प्रश्न. उत्तरादाखल लोक ग्रॅममधले आकडे फेकतात. मी म्हटलं, या वीकेंडला जरा इतिहासात डोकावू. कारण भारी तंबू विरुद्ध हलका तंबू हा सामना आपल्या महाराष्ट्रात एकदा पंचवीसेक वर्षं चालला होता!

आधी भारी पार्टी. ऐने-अकबरीत मुघल बादशहाची एक छावणी हलवायला काय लागतं त्याचा हिशेब दिलाय: १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. हीच पद्धत घेऊन औरंगजेब दख्खनेत उतरला. १६९५ मध्ये जेमेली करेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने गलगल्याला त्याची छावणी पाहिली. तिचा घेर ३० मैल असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे छावणी कसली, चालतंफिरतं शहरच ते.

उत्तरेच्या सपाट मैदानात हे सगळं चालून जातं. सह्याद्रीत पाऊस लागला की गणित फिरतं. जून १७०२ मध्ये विशाळगड ताब्यात घेऊन बादशहा पन्हाळ्याकडे निघाला. अंतर जेमतेम ३० मैल. लागले किती दिवस? ३८! चिखल, फुगलेले ओढे, आणि त्यातून ओढायचा हा पसारा. सुती कापड भिजलं की पाणी धरून बसतं, म्हणजे ज्या दिवशी वाट सगळ्यात वाईट, नेमकं त्याच दिवशी ओझं सगळ्यात जास्त.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट तर तंबूवाल्यांनी पाठच करावी. ऑक्टोबर १७०० मध्ये खवासपूरला माण नदीच्या काठी छावणी पडली होती. रात्री नदीला अचानक पूर आला, माणसं-जनावरं वाहून गेली. गडबडीत उठताना खुद्द बादशहा पडला, गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला. तंबू जगातला सर्वात महागडा, पण ठोकला नदीकाठी! जागा चुकली की कापड काय करणार?

आता हलकी पार्टी. मराठ्यांचे घोडेस्वार थोडक्या सामानावर भराभर फिरायचे. संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण यांनी बादशाही डेऱ्याचे दोर कापून सोन्याचे कळस पळवल्याची कथा बखरींमुळे आपल्याला माहीतच आहे.

पण इथे थांबून "हलकं तेच भारी" असा निष्कर्ष काढू नका. मराठ्यांना हे हलकेपण परवडलं, कारण त्यांचं छप्पर आधीच डोंगरात उभं होतं. गडावरची कोठारं, देवळं, कातळात कोरलेली लेणी, पाण्याची टाकी. ट्रेकर मंडळी हरिश्चंद्रगडाच्या गुहेत किंवा राजगडाच्या पद्मावती मंदिरात मुक्काम करायची, तो याच व्यवस्थेवर. आमच्या भाषेत सांगायचं तर लोड नाहीसा झाला नव्हता, तो दुसऱ्या सर्व्हरवर होता. हेच मराठे १७६० मध्ये गड मागे ठेवून उत्तरेत गेले, तेव्हा भाऊसाहेबांच्या फौजेबरोबरही बुणगे, यात्रेकरू आणि अवजड सामान होतंच. त्याची किंमत पानिपतावर मोजावी लागली.

युरोपातल्या गिर्यारोहकांना हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पडला. एडवर्ड व्हिम्परने १८६० च्या दशकात आल्प्ससाठी चौघांचा तंबू बनवला, वजन सुमारे १० किलो, जमिनीवरचं मेणकापड तंबूलाच शिवलेलं. मग ममरी नावाच्या गिर्यारोहकाने रेशमी कापडाचा तंबू काढला, दोन किलोच्याही आत. युक्ती साधी: खांब वेगळे न्यायचेच नाहीत, हातातल्या बर्फाच्या कुऱ्हाडी उभ्या करायच्या. आज ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे तंबू म्हणजे त्याचेच नातू. हा ममरी १८९५ मध्ये नंगा पर्वतावर दोन गुरखा साथीदारांसह नाहीसा झाला. पुढे नायलॉन आलं, ॲल्युमिनियमच्या काड्या आल्या, आणि १९७५ मध्ये नॉर्थ फेसने काड्या एकमेकींवरून ओलांडणारा घुमटाकार तंबू आणला. त्यामुळे वाऱ्याचा जोर एका खांबावर न येता सगळ्या सांगाड्यात वाटला जाऊ लागला.

मग घ्यायचा कोणता? इतिहास विचारतो ते प्रश्न असे. ओझं कोण वाहणार? हत्ती नसेल तर दोघांत मिळून अडीच किलोच्या आसपास ठीक. तुमचे "गड" कुठे आहेत? गुहा, देऊळ, गाव जवळ असेल तर अगदी हलका चालेल. उघड्या पठारावर किंवा हिमालयात मुक्काम असेल तर पाव-अर्धा किलो जास्त घ्या, पण ओलांडलेल्या काड्या आणि जमिनीपर्यंत येणारं बाहेरचं कापड पाहिजेच. मेखा कशात ठोकणार? सह्याद्रीच्या कातळात मेख शिरत नाही, तिथे ट्रेकिंग पोलवर ताणायचा तंबू छळतो. स्वतःच्या पायावर उभा राहणारा घ्या आणि दोर मोठ्या दगडांना बांधा. पाऊस पडत असताना आतला भाग कोरडा ठेवून उभारता येतो का? हे घरी गच्चीवर करून बघा.

आमच्या प्रताप नगरात मे महिन्यात वावटळ आली की लग्नाचा मांडव फुग्यासारखा फुगतो. बिछायतवाला पोरगा तेव्हा कापडाकडे बघतही नाही, आधी दोर तपासतो. कॅटलॉगमध्ये ग्रॅम छापलेले असतात. हे दोर नीट बांधणं आणि ओढ्यापासून उंच जागा शोधणं मात्र विकत मिळत नाही. आणि गंमत म्हणजे, या दोन गोष्टींचं वजन शून्य आहे.