शस्त्रकारांच्या नगरीचा फुटबॉल संघ

स्पेन देशाच्या उत्तरेस, बास्क प्रदेशांत, बिल्बाओ व सान सेबास्तियान ह्या दोन मोठ्या शहरांच्या जवळजवळ मध्यावर एइबार नांवाचें एक लहानसें शहर आहे. डोंगरांच्या अरुंद खोऱ्यांतून एगो नदी वाहते. तिच्या कांठीं जेवढी सपाट जागा मिळाली तेवढींत हें शहर दाटीवाटीनें वसलें आहे. वस्ती सुमारें 27,000. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढीच. असें असूनही 2014 पासून 2021 पर्यंत सलग सात हंगाम ह्या शहराचा फुटबॉल संघ स्पेनच्या पहिल्या श्रेणींत, रेआल माद्रिद व बार्सेलोना ह्यांच्या पंक्तीस बसून खेळला. हें कसें घडलें तें समजण्यास प्रथम त्या शहराचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे.

एइबारचा परंपरागत धंदा बंदुका घडविण्याचा. कोणी नळी करी, कोणी दस्ता, कोणी चाप. अनेक लहान लहान कारागिरांच्या हातांखालून गेल्यावर एक शस्त्र पुरें होई. पुढें विसाव्या शतकांत बंदुकांची मागणी घटली, तेव्हां ह्याच हातांनीं सायकली व शिवणयंत्रें घडविण्यास आरंभ केला. ओर्बेआ हा सायकलींचा प्रसिद्ध कारखाना मूळचा बंदुकांचा. आणि शिवणयंत्रांसाठीं नांवाजलेला आल्फा कारखाना 1920 सालीं कामगारांनींच सहकारी तत्त्वावर उभारलेला. एकट्या धनिकाच्या जिवावर न राहतां पुष्कळांनीं थोडा थोडा भार उचलावा, ही रीत त्या शहराच्या अंगवळणीं पडलेली होती. तेथील फुटबॉल संघास आजही लोक ‘शस्त्रकार’ ह्याच नांवानें ओळखतात.

संघाचा जन्म मात्र सुखाच्या दिवसांत झाला नाहीं. 14 एप्रिल 1931 रोजीं प्रजासत्ताकाचा पुकारा करण्यांत सर्व स्पेनमध्यें अग्रभागीं असलेलें हें शहर यादवी युद्धांत आघाडीवर सांपडलें, आणि 1937 च्या एप्रिलांत बाँबवर्षावानें त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्या पडझडींतून शहर सांवरत असतां, 1940 सालीं, गांवांतील दोन लहान संघ एकत्र येऊन हा नवा संघ निघाला. आरंभीं पोषाखापुरतेही पैसे नव्हते. म्हणून प्रांतिक फुटबॉल मंडळानें बार्सेलोनाच्या धर्तीचे सदरे देऊं केले, आणि तेव्हांपासून निळा व डाळिंबी हे रंग संघास चिकटले, असें सांगतात. 1947 सालीं डोंगराच्या उतारावर इपुरुआ हें क्रीडांगण सुरू झालें. शेजारच्या उंच इमारतींच्या खिडक्यांतून तेथील सामना दिसतो, इतकें तें वस्तीला लागून आहे.

पुढील कित्येक वर्षें संघ खालच्या श्रेणींत राहिला. ह्याच गांवांत वाढलेला गाराते हा खेळाडू पुढें माद्रिदच्या आत्लेतिको संघांत गेला व देशांतील अग्रगण्य गोलवीर ठरला. तो शिक्षणानें इंजिनियर होता, ही गोष्ट यंत्रकारांच्या ह्या गांवास शोभणारीच म्हणावी लागेल. 1988 सालीं संघ दुसऱ्या श्रेणींत चढला आणि अठरा हंगाम तेथें टिकला. मोठे खेळाडू विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून मोठ्या संघांचे होतकरू तरुण एकेका हंगामापुरते उसने आणावयाचे, असा प्रघात पडला. शाबी आलोन्सो व दाविद सिल्वा हे दोघेही असेच येथें उमेदवारी करून गेले, आणि 2010 सालीं स्पेननें विश्वचषक जिंकला तेव्हां दोघेही त्या संघांत होते.

2009 सालीं तिसऱ्या श्रेणींत घसरलेला हा संघ 2013 सालीं पुन्हां वर आला, आणि गायस्का गारितानो ह्या शिक्षकाच्या हाताखालीं पुढच्याच वर्षीं दुसऱ्या श्रेणीचें विजेतेपद मिळवून पहिल्या श्रेणीस पात्र ठरला. नेमक्या ह्याच घटकेस खरें संकट उभें राहिलें. धंदेवाईक संघाचें भांडवल त्या श्रेणींतील संघांच्या सरासरी खर्चाच्या चतुर्थांशाइतकें असलें पाहिजे, असा स्पेनमध्यें कायदा होता. एइबारचें भांडवल होतें सुमारें 4 लक्ष 22 हजार युरो. आणखी 17 लक्ष 24 हजार युरो ऑगस्टच्या आरंभापर्यंत उभे न केल्यास संघास थेट तिसऱ्या श्रेणींत टाकले जाणार होतें. विशेष हें कीं, ह्या संघावर कर्ज नव्हतें. भोंवतालचे कित्येक संघ ऋण काढून सण साजरा करीत असतां अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या संघासच शिक्षा होऊं घातली होती. संघ दिवाळखोर होऊं नयेत म्हणून केलेला नियम अशा रीतीनें काटकसरी संघाच्याच मुळावर आला.

एखादा धनाढ्य गांठून त्याच्या ओटींत संघ घालावा, हा मार्ग सोपा होता. चालकांनीं तो नाकारला. पन्नास युरोंपासून भाग विक्रीस काढले, आणि कोणाही एकास एक लक्ष युरोंहून अधिक भाग घेतां येणार नाहींत, असा निर्बंध घातला. गांवकऱ्यांनीं भाग घेतले. वृत्तपत्रांतून ही कहाणी वाचलेल्या दूरदूरच्या देशांतील लोकांनींही घेतले. थेंबें थेंबें तळें साचे, ह्या न्यायानें मुदतीपूर्वींच रक्कम जमली, आणि लहान लहान हजारों भागधारकांचा हा संघ कोणा एकाच्या मालकीचा न होतां वर चढला. बंदुकीचे भाग वांटून घडविणाऱ्या शहरास संघाचे भाग वांटून घेणें कठीण गेलें नाहीं.

पहिला हंगाम जड गेला. संघ खालून तिसरा आला, म्हणजे नियमाप्रमाणें पदच्युत होणारच होता. परंतु तेराव्या स्थानावरील एल्चे संघास थकलेल्या देण्यांपायीं खालीं उतरविण्यांत आलें, आणि एइबार तरला. ज्या कायदेकानूंनीं एक वर्षापूर्वीं ह्या संघाचा गळा आवळला होता, त्यांनींच आतां त्यास हात दिला. पुढें मेंदिलिबार ह्या शिक्षकानें सहा वर्षें संघ सांभाळला. 2017-18 मध्यें तो नववा आला, आणि 2018 च्या नोव्हेंबरांत इपुरुआवर रेआल माद्रिदचा तीन गोलांनीं पराभव झाला. तें क्रीडांगण वाढवूनही जेमतेम आठ हजारांचें.

2021 सालीं संघ शेवटचा येऊन पुन्हां दुसऱ्या श्रेणींत गेला. 2022 मध्यें केवळ अखेरचा सामना जिंकणें उरलें असतां, आधींच बाद झालेल्या आल्कोर्कोनकडून तो एका गोलानें हरला व परतण्याची संधि हुकली. गांवास हळहळ वाटणें साहजिकच होतें. परंतु ही पदच्युति कर्जाच्या बुडीची नव्हती. सात वर्षांत मिळालेला पैसा उधळला गेला नव्हता, आणि देणेकऱ्यांच्या भीतीनें दाराला कुलूप लावण्याची पाळी आली नव्हती. क्रीडेंत जय आणि पराजय पाळीपाळीनें येतातच; पराजयानंतरही दुसऱ्या दिवशीं सरावास मैदान उघडें असावें, ह्यासाठीं लागणारी तजवीज मात्र मैदानाबाहेर करावी लागते. ती एइबारच्या कारागिरांनीं केली, आणि संघाच्या सात वर्षांच्या वैभवापेक्षांही तीच अधिक अनुकरणीय आहे.