अँड्रॉइड

अँड्रॉइड : स्मार्टफोन व टॅबलेट यांसाठी गूगलच्या पुढाकाराने विकसित झालेली, लिनक्स कर्नलवर आधारलेली मोबाइल ऑपरेटिंग सिस्टीम. तिचा गाभा मुक्त स्रोत आहे. कोणत्याही उत्पादकाला तो परवाना शुल्क न भरता वापरता येतो आणि हवा तसा बदलताही येतो. जगातील दर दहा स्मार्टफोनपैकी सुमारे सात या प्रणालीवर चालतात, तर भारतात हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. वापरात असलेल्या अँड्रॉइड उपकरणांची संख्या ३०० कोटींवर गेल्याचे गूगलने मे २०२१ मध्ये जाहीर केले. अँड्रॉइडचा प्रसार ज्या मोकळिकीमुळे झाला, त्याच मोकळिकीतून या प्रणालीच्या बहुतेक अडचणीही निघाल्या. त्यामुळे मोकळीक कुठवर ठेवायची आणि लगाम कुठे घालायचा, हा प्रश्न तिच्या वाटचालीत वारंवार पुढे आला.

उगम : अँडी रुबिन, रिच माइनर, निक सिअर्स आणि ख्रिस व्हाइट यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ‘अँड्रॉइड इनकॉर्पोरेटेड’ ही कंपनी स्थापन केली. आरंभीचा विचार डिजिटल कॅमेऱ्यांसाठी प्रणाली बनवण्याचा होता; ती बाजारपेठ लहान वाटल्याने मोर्चा मोबाइलकडे वळला. २००५ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली. त्या काळी नोकियाच्या फोनवर सिंबियन, तर इतर काही फोनवर ब्लॅकबेरी आणि विंडोज मोबाइल या प्रणाली होत्या. जानेवारी २००७ मध्ये ॲपलने आयफोन सादर केला आणि बटनांचा फोन डोळ्यांसमोर ठेवून चाललेले गूगलचे काम स्पर्शपडद्याकडे वळले. ५ नोव्हेंबर २००७ रोजी ३४ कंपन्यांची ‘ओपन हँडसेट अलायन्स’ ही आघाडी जाहीर झाली. तिच्यात फोन बनवणारे, चिप बनवणारे आणि मोबाइल सेवा देणारे असे सगळेच होते. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्याचा पडदा बाजूला सरकवला की खाली कळफलक निघे. पडद्यावरचा कळफलक पहिल्या आवृत्तीत नव्हताच. तो एप्रिल २००९ च्या १.५ आवृत्तीत आला.

रचना : सर्वांत खाली लिनक्स कर्नल असते. स्मृती, बॅटरी, प्रक्रिया यांचे व्यवस्थापन ते करते. त्यावर कॅमेरा, ब्लूटूथ, संवेदक अशा यंत्रभागांशी बोलणारा थर, त्यावर ग्रंथालये व ॲप चालवणारी यंत्रणा आणि सर्वांत वर ॲप, अशी उतरंड असते. प्रत्येक ॲपला लिनक्समधील स्वतंत्र वापरकर्ता मानले जाते. त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याच्या फाइली परस्पर उघडता येत नाहीत. ॲप प्रथम जावा भाषेत लिहिली जात; २०१७ मध्ये कोटलिनला अधिकृत मान्यता मिळाली आणि २०१९ पासून गूगलने तिला प्राधान्य दिले.

ॲप चालवण्याचे काम आरंभी ‘डाल्विक’ ही यंत्रणा करी. ती ॲप चालू असतानाच त्याची संहिता यंत्रभाषेत आणी. २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून तिची जागा ‘एआरटी’ने घेतली. ती हे भाषांतर ॲप बसवतानाच उरकून ठेवत असे. त्यामुळे ॲप जलद उघडू लागली, पण ती बसवायला वेळ आणि जागा अधिक लागू लागली. २०१६ च्या ७.० पासून दोन्ही पद्धतींचा मेळ घातला गेला : नेहमी लागणारा भाग आधी भाषांतरित होतो, उरलेला गरजेनुसार.

आवृत्त्यांची वाटचाल : १.५ पासून आवृत्त्यांना इंग्रजी वर्णानुक्रमाने गोड पदार्थांची नावे मिळाली : कपकेक, डोनट, एक्लेअर, फ्रोयो, जिंजरब्रेड, हनिकोम्ब आणि पुढे. २०१९ च्या ‘अँड्रॉइड १०’ पासून ही नावे जाहीरपणे वापरणे थांबले. डोनटने (१.६) वेगवेगळ्या आकारांच्या पडद्यांना आधार दिला, तर फ्रोयोने (२.२) फोनचे वाय-फाय हॉटस्पॉट केले. हनिकोम्ब (३.०) केवळ टॅबलेटसाठी होती. २०११ मध्ये आली तेव्हा तिचा स्रोत गूगलने लगेच खुला केला नाही, त्यामुळे ‘मुक्त’ या दाव्यावर प्रश्न उठले. २०१३ च्या किटकॅटमध्ये (४.४) ५१२ एमबी स्मृतीच्या स्वस्त फोनवरही प्रणाली नीट चालेल असे पाहिले गेले. २०१४ च्या लॉलीपॉपने (५.०) ‘मटेरियल डिझाइन’ ही दृश्यशैली आणली.

परवानग्यांचा इतिहास स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. ६.० पूर्वी ॲप बसवतानाच सर्व परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. साध्या टॉर्चच्या ॲपने फोनमधील संपर्कयादी मागितली, तर ती देणे किंवा ॲपच सोडून देणे, एवढे दोनच पर्याय असत. २०१५ च्या मार्शमॅलोपासून (६.०) ॲपला त्या-त्या वेळी विचारावे लागते आणि नकार देऊनही ॲप वापरता येते. पाय (९) आवृत्तीने मागे चालणाऱ्या ॲपचा माइक आणि कॅमेरा बंद केला. १० ने ‘फक्त ॲप वापरताना’ ठावठिकाणा देण्याची सोय केली आणि ११ ने ‘फक्त या वेळी’ हा पर्याय दिला. १२ पासून माइक किंवा कॅमेरा चालू असला की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. १३ पासून सूचना पाठवण्यासाठीही ॲपला परवानगी मागावी लागते.

फायदे : पहिला फायदा किमतीचा. प्रणाली तयार मिळत असल्याने उत्पादकाला मुख्यतः यंत्रभागांवर खर्च करावा लागतो. त्यामुळे सहा-सात हजारांपासून लाखापर्यंतच्या फोनमध्ये मूळ प्रणाली एकच असते. दुसरा फायदा निवडीचा : होम स्क्रीन, कळफलक, ब्राउझर बदलता येतात आणि गूगलच्या ‘प्ले स्टोअर’ या ॲपच्या दुकानाबाहेरची ॲपही बसवता येतात. तिसरा फायदा फेरबदलाच्या मुभेचा. ॲमेझॉनची फायर ओएस, स्वयंसेवकांची लिनिएजओएस आणि आयआयटी मद्रास येथे तयार झालेली भारओएस या सर्व अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतावर उभ्या आहेत. दूरचित्रवाणी संच, मनगटी घड्याळे आणि मोटारींतही तिची रूपे पोहोचली आहेत.

मर्यादा : सर्वांत जुनी तक्रार अपडेटची. गूगलची नवी आवृत्ती चिप उत्पादक, फोन उत्पादक आणि काही देशांत मोबाइल सेवा कंपनी अशा हातांतून ग्राहकापर्यंत येई. अनेक फोनपर्यंत ती येतच नसे. २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ ही सुरक्षात्रुटी उघड झाल्यावर दरमहा सुरक्षा अपडेट देण्याची पद्धत सुरू झाली. २०१७ च्या ओरिओमधील (८.०) ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने चिपशी निगडित भाग मूळ प्रणालीपासून वेगळा काढला, तर १० मधील ‘मेनलाइन’मुळे प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरद्वारेच अद्ययावत होऊ लागले. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षे अपडेट देण्याची हमी दिली. स्वस्त फोनना मात्र एवढा काळ अपडेट सहसा मिळत नाहीत.

बाहेरून ॲप बसवण्याच्या सोयीचा गैरफायदाही घेतला जातो. भारतात लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल पाठवून, ती बसवणाऱ्याचे ओटीपी पळवण्याचे प्रकार घडले आहेत.

कायदेशीर वाद : जावाच्या संहितेवरून तिची मालक कंपनी ओरॅकलने २०१० मध्ये गूगलवर दावा लावला; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी तो गूगलच्या बाजूने निकाली काढला. दुसरा वाद मक्तेदारीचा. गाभा मुक्त असला तरी प्ले स्टोअर, नकाशे, प्ले सर्व्हिसेस हा वरचा थर गूगलच्या मालकीचा आहे आणि तो हवा असल्यास उत्पादकाला गूगलच्या अटी मान्य कराव्या लागतात. या अटींवरून युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. न्यायालयाने तो पुढे ४.१२५ अब्जांवर आणला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही निर्देश रद्द केले. हा वरचा थर किती मोलाचा आहे, हे ह्वावे या चिनी फोन कंपनीच्या उदाहरणाने दिसले. २०१९ मधील अमेरिकी निर्बंधांमुळे तिच्या नव्या फोनमधून गूगलच्या सेवा गेल्या, चीनबाहेरची तिची विक्री ढासळली आणि तिने हार्मनीओएसची वाट धरली.

भारत आणि मराठी : भारतात अँड्रॉइड फोन २००९ मध्ये आले. गूगलने सप्टेंबर २०१४ मध्ये ‘अँड्रॉइड वन’ ही स्वस्त फोनची योजना दिल्लीतून सुरू केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे ते फोन ६,३९९ रुपयांपासून होते. आरंभीच्या आवृत्त्यांत मराठी मजकुराऐवजी रिकामे चौकोन दिसत. फाँट असलेल्या फोनवरही अक्षरे टंकलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडली जात. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनानंतर टंकली जाते पण त्याच्या आधी दिसावी लागते. त्यामुळे ‘मिरज’मधली वेलांटी भलतीकडे जाई आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडत. त्या काळी मराठी वाचणारे अनेक जण ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये मजकूर चित्ररूपात आणण्याची युक्ती वापरत. ४.० च्या मालिकेत अक्षरजुळणी सुधारली आणि २०१४ च्या ५.० आवृत्तीत मराठी ही फोनची भाषा म्हणून निवडता येऊ लागली. २०१५ मध्ये आयआयटी मुंबईच्या पदवीधरांनी अँड्रॉइडवर आधारित ‘इंडस ओएस’ ही भारतीय भाषांची प्रणाली आणली. १३ व्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते : फोन इंग्रजीत आणि एखादे ॲप मराठीत, असे चालते, मात्र त्या ॲपच्या निर्मात्याने मराठी रूप दिलेले असावे लागते.

सद्यःस्थिती : ‘अँड्रॉइड १६’ ही आवृत्ती जून २०२५ मध्ये प्रसृत झाली. त्याच वर्षी मार्चपासून गूगलने विकासाचे सर्व काम अंतर्गत शाखेत हलवले. आवृत्ती तयार झाल्यावर स्रोत खुला होतो, परंतु चालू असलेले काम बाहेरच्यांना पाहता येत नाही. प्ले स्टोअरबाहेर ॲप देणाऱ्या विकासकांची ओळख पडताळण्याची योजनाही २०२५ मध्येच जाहीर झाली. फसवणुकीला आळा बसेल म्हणून तिचे समर्थन होते. मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते मात्र तिला विरोध करतात. कोणालाही न विचारता ॲप बनवून दुसऱ्याच्या फोनवर चालवता येणे, हीच त्यांच्या मते अँड्रॉइडची मूळ ओळख होती.