रद्दीतल्या गाड्या

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की यवतमाळात घराघरांतून रद्दी निघते. विनंती एवढीच, की जुने दिवाळी अंक तराजूत टाकण्याआधी त्यांचं मलपृष्ठ एकदा पाहा. तिथे स्कूटर, मोपेड, टायर नाहीतर बॅटरीची जाहिरात असण्याची बरीच शक्यता. मी गेली काही वर्षं हेच जमवतो. "काय बाप्पा, जाहिराती कोणी जमवते का?" असं ऐकूनही घेतो.

१९९१ च्या आधीचा काळ आठवा. सरकारी परवान्याशिवाय कारखान्याला उत्पादन वाढवता येत नसे. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबत. नंबर लागला की पेढे. गिऱ्हाईक रांगेत उभंच असताना जाहिरात कशाला? नाव टिकवायला. म्हणून माझ्याकडच्या त्या काळच्या पानांत ऐट आहे, आर्जव नाही. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० कमी पेट्रोलचा हिशेब घेऊन आली आणि बजाजलाही लोकांच्या मनाला हात घालावा लागला. १९८९ ची 'हमारा बजाज' त्यातूनच आली, अलिक पदमसींच्या लिंटासने केलेली. फिरोदियांच्या लूनाची गोष्ट वेगळी. ती मास्तरांची, दूधवाल्यांची गाडी, आणि जाहिरातही तशीच, घरातली.

आता कामाचं. पान कधीचं हे कसं ओळखायचं? पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते ऑगस्ट १९७२ नंतरचं. पेट्रोलपंपाच्या इनॅमल पाटीवर बर्मा शेल असेल तर ती १९७६ च्या आधीची, कारण त्या साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली. तीच आजची भारत पेट्रोलियम. अट एकच, पाटी खरी हवी. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या पाट्या बाजारात ढिगाने आहेत. खरी पाटी हाताला जड लागते, खिळ्याच्या भोकाभोवती इनॅमल उडून तिथे गंज धरलेला असतो. अर्थात गंजही आणता येतो, म्हणून घाई नको. आणि पान कापू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. अंक अखंड असला की तारीख सोबत राहते, किंमतही.

मला जास्त काळजी भिंतींची आहे. दारव्हा, आर्णी, घाटंजीच्या रस्त्याने जाताना बघा, ट्रॅक्टरच्या जाहिरातीत आता ट्रॅक्टर लहान आणि डाऊन पेमेंटचा आकडा मोठा. कर्जापायी किती शेतकरी गेले ते या जिल्ह्याला सांगायला नको. त्या कर्जाचं आमंत्रण कोणत्या शब्दांत येत होतं, याचा हा पुरावा आहे, आणि चुन्याच्या एका हातात तो पुसला जातो. मी मोबाइलवर फोटो काढतो, गाव आणि तारीख लिहून ठेवतो.

वाचनालयांच्या संचालकांनाही सांगणं आहे. जुने अंक निर्लेखित करायचे असतील तर रद्दीच्या भावाने मी घेतो, नेऊन घालायची तसदीही नको.