बलुत्याच्या भाकरीपासून पगाराच्या नोटेपर्यंत : गुलमंडीत आपला रुपया कुठे जातो?



दरवर्षी १ एप्रिलला रिझर्व्ह बँकेच्या स्थापना दिनाची पोस्ट फिरते. बाबासाहेबांचा फोटो आणि खाली 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाचे नाव. अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण ती पोस्ट फॉरवर्ड करणाऱ्या अनेक तरुणांच्या त्याच मोबाइलवर कर्जाच्या ॲपचा वसुलीचा मेसेजही येऊन पडलेला असतो. देशाच्या रुपयाचा प्रश्न ज्यांनी मांडला, त्यांच्या अनुयायांच्या घरातल्या रुपयाचा प्रश्न कोण मांडणार? चळवळीत घरखर्च, बचत, कर्ज हे विषय हलके समजले जातात. आमच्या मते ही मोठी चूक आहे, आणि ती चूक का आहे हे आपलाच इतिहास सांगतो.

पैसा हाती येऊ न देणे, हीच व्यवस्था होती

मनुस्मृतीने शूद्राला समर्थ असूनही धनसंचय करण्यास मनाई केली. ती मनाई फक्त पोथीत राहिली नाही. गावगाड्याने ती रोजच्या व्यवहारात उतरवली. महाराने सांगावा न्यायचा, वेस राखायची, सरकारी अंमलदाराची सरबराई करायची, मेलेले ढोर ओढायचे. आणि मोबदला काय, तर बलुते, शिळी भाकरी आणि तुकडाभर वतनी जमीन. रोख मजुरी नाही. जो रोख कमावत नाही तो साठवू शकत नाही, गाव सोडू शकत नाही आणि मालकाला 'नाही' म्हणू शकत नाही.

म्हणूनच १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनदाराला सक्तीच्या चाकरीतून सुटता यावे आणि बलुत्याच्या जागी रोख मोबदला ठरावा, हा त्यामागचा विचार होता. भाकरीऐवजी नाणे मागणे ही त्या काळी बंडखोरीच होती.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथे चलनसुद्धा वेगळे होते. बाजारात हाली सिक्का चालायचा आणि ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार असा हिशेब होता. ज्याला हा हिशेब येत नाही त्याला व्यापारी आणि सावकार सहज फसवू शकत. कर्जाच्या बदल्यात माणसालाच राबवून घेणाऱ्या 'भागेला' पद्धतीवर निजाम सरकारला १९३६ साली नियम करावे लागले, यावरून त्या राज्यात कर्ज आणि गुलामी यांत किती अंतर होते ते समजते. आणि ते अंतर आज तरी किती वाढले? बीडचा ऊसतोड कामगार आजही मुकादमाकडून 'उचल' घेतो आणि ती फेडायला लेकराबाळांसह कोयता घेऊन निघतो.

बाबासाहेबांनी पगार कसा वापरला

१९१७ साली बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतले. वेगळ्या जहाजातून येणारे त्यांचे सामान समुद्रात बुडाले. त्याच्या भरपाईपोटी मिळालेल्या ६०० रुपयांतले काही त्यांनी घरखर्चाला दिले आणि उरलेल्यात बडोदे गाठले. बडोद्यात काय अपमान झाला ते आपल्याला पाठ आहे. त्यानंतरची गोष्ट मात्र फार जणांना ठाऊक नसते. मुंबईत त्यांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके यायची थांबली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. त्यांनी बंगला घेतला नाही. परळच्या चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत राहिले. रमाईंच्या हाती घरखर्चाची ठरावीक रक्कम द्यायची आणि बाकी पैसा बाजूला टाकायचा, हा नेम त्यांनी पाळला. उद्दिष्ट एकच : लंडनला परत जाऊन शिक्षण पूर्ण करणे. मार्च १९२० पर्यंतची बचत, शाहू महाराजांनी दिलेले १५०० रुपये आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज, एवढ्यावर त्यांनी त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठले.

हा क्रम नीट पाहा. आधी उद्दिष्ट ठरले, मग रक्कम, मग मुदत. कर्ज त्यांनीही घेतले, पण कशासाठी? आयुष्यभर टिकणाऱ्या विद्येसाठी. आणि त्या बचतीची खरी किंमत कोणी मोजली? रमाईंनी. ठरलेल्या पैशांत घर ओढणारी ती माउली नसती तर १९२३ची डी. एस्सी. झाली नसती. म्हणून घरातला हिशेब ही बायकांची किरकोळ कटकट आहे असे मानणाऱ्या आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी हा इतिहास पुन्हा वाचावा.

ज्या ग्रंथाचे मुखपृष्ठ आपण फिरवतो, त्याचा गाभाही याच प्रश्नाशी जोडलेला आहे. रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहिली पाहिजे, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. पैसा स्वस्त झाला की व्यापाऱ्याचा नफा वाढतो आणि मजुरीवर जगणाऱ्याचे पोट कापले जाते, ही बाजू त्यांनी १९२५ साली चलनविषयक रॉयल कमिशनपुढेही मांडली.

धम्म काय सांगतो

बौद्ध माणसाने पैशाचा विचार करू नये, असे काही जण म्हणतात. त्यांनी सिगालोवाद सुत्त वाचावे. तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक आपत्काळासाठी राखून ठेवायचा. अंगुत्तर निकायात गृहस्थाच्या चार सुखांत 'अनण सुख', म्हणजे ऋणमुक्त असण्याचे सुख, मोजले आहे. दीघजाणूला केलेल्या उपदेशात कष्टाने मिळवणे, मिळवलेले राखणे, चांगल्यांची संगत धरणे आणि मिळकत पाहून खर्च करणे या चार गोष्टी सांगितल्या आहेत. भिक्खूचा त्याग वेगळा आणि गृहस्थाची जबाबदारी वेगळी. आपण बहुतेक जण गृहस्थ आहोत.

गुलमंडीचा हिशेब

आता आपल्या शहराकडे वळू. १९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे मिलिंद म्हणून ते ओळखले गेले आणि नागसेनवन उभे राहिले. तिथून शिकून आपली पहिली पगारदार पिढी निघाली. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या हाती रोख मजुरी पडली. चिकलठाणा, मग वाळूजची एमआयडीसी आली. बलुत्याच्या भाकरीपासून पगाराच्या नोटेपर्यंतचा हा प्रवास दोन-तीन पिढ्यांत झाला.

ती नोट आज कुठे खर्च होते? लग्नसराईत गुलमंडीवर उभे राहा. बस्ता बांधायला, दागिने घ्यायला आलेल्या गर्दीत आपली माणसेही असतात. खरेदी करायला आमचा विरोध नाही. ज्या समाजाला चांगले कापड आणि दागिना वापरू दिला जात नव्हता, त्याने छातीठोकपणे गुलमंडीत गिऱ्हाईक म्हणून उभे राहावे, यात स्वाभिमानच आहे. प्रश्न एवढाच की तो पैसा आपला आहे की उसना?

वस्तीत काम करताना आम्हाला एकच चित्र पुन्हा दिसते. १०,००० रुपये घ्यायचे आणि दरमहा १००० प्रमाणे बारा हप्ते भरायचे. लोक म्हणतात, "वर्षाला २० टक्केच की!" पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, तरी व्याज पूर्ण रकमेवर धरलेले असते. खरा दर वर्षाला ३५ टक्क्यांच्या आसपास जातो. खाजगी सावकाराकडून २०,००० रुपये महिना शेकडा पाचने घेतले, तर वर्षात १२,००० नुसते व्याजात जातात आणि मुद्दल जागच्या जागी. हे गणित ज्याला येत नाही त्याच्यासाठी हाली-कलदारचा काळ अजून संपलेला नाही.

"हा तर भांडवली उपदेश झाला!"

काही मित्र म्हणतील, मजुरीच कमी आहे, तिथे बचतीचे डोस कशाला? आक्षेप खरा आहे. बारा तास राबून पोट न भरणाऱ्याला 'चहा सोडा, श्रीमंत व्हा' सांगणे ही थट्टा आहे. मजुरी, आरक्षण, कंत्राटीकरण यांवरची लढाई सोडायची नाहीच. पण बाबासाहेबांनी या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले. त्याच मसुद्यात विमा हा राज्याचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असेही लिहिले. घरातल्या कर्त्याच्या मृत्यूने कुटुंब सावकाराच्या दारात जाऊ नये, ही काळजी त्यांना राज्यसमाजवादाइतकीच महत्त्वाची वाटली.

शिवाय कर्जबाजारी कार्यकर्ता लवकर विकला जातो. जयंतीच्या वर्गणीसाठी ज्या पुढाऱ्याच्या दारात आपण जातो, त्याच्याविरुद्ध उद्या मोर्चा कसा काढणार?

आता काय करायचे?

पहिले, घरात एक वही ठेवा आणि महिनाभर प्रत्येक रुपया नवरा-बायको दोघांनी मिळून लिहा. दुसरे, सगळ्यात महागडे कर्ज आधी फेडा. तिसरे, तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात जमेपर्यंत नवा हप्ता घेऊ नका. चौथे, बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवनविमा आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. अठरा ते पन्नास वयाच्या प्रत्येक कमावत्याने आजच अर्ज भरावा. पाचवे, उद्दिष्ट लिहून काढा : लेकीचे शिक्षण, स्वतःचे घर, छोटा धंदा. किती रुपये आणि कोणत्या वर्षापर्यंत, तेही लिहा. आणि प्रत्येक विहाराने रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एक तास कर्ज-बचतीच्या गणिताला द्यावा. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला थोडा भाग वस्तीतल्या मुलांच्या परीक्षा फीसाठी राखून ठेवावा.

गावगाड्याने आपल्याला नाणे मिळू दिले नाही. बाबासाहेबांनी ते मिळवून दिले. ते राखायचे काम आपल्या पिढीचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!