ग्राहक अभिप्राय-प्रपत्रातील प्रश्नप्रकारांचा विकास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
बँक, उपाहारगृह, रुग्णालय, विमा कंपनी अथवा महाविद्यालय यांपैकी कोणत्याही संस्थेचे अभिप्राय-प्रपत्र पाहिले असता त्याचे स्वरूप बहुधा सारखेच आढळते. आरंभी दहा-पंधरा विधाने, प्रत्येक विधानासमोर पाच चौकटी आणि शेवटी 'इतर सूचना' या शीर्षकाखाली दोन रिकाम्या ओळी. ही मांडणी इतकी परिचित झाली आहे की ती स्वाभाविकच वाटते. प्रत्यक्षात तिच्यातील प्रत्येक प्रश्नप्रकार विशिष्ट काळी, विशिष्ट गरजेतून निर्माण झाला असून त्यामागे अभ्यासकांमधील गंभीर मतभेदांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात दुय्यम साधनांच्या आधारे या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. प्रश्नाचा प्रकार हा केवळ तांत्रिक तपशील नसून ग्राहकाला काय बोलता येईल याची सीमा तोच आखतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

'का?' या प्रश्नापासून प्रारंभ :
अमेरिकेतील कर्टिस प्रकाशनसंस्थेने 1911 मध्ये चार्ल्स कूलिज पार्लिन यांच्याकडे व्यापारविषयक संशोधनाचे काम सोपविले. बाजारपेठेच्या संघटित अभ्यासातील हा एक आरंभीचा टप्पा मानला जातो. मात्र ग्राहकाला प्रश्न कसा विचारावा, याचा तात्त्विक विचार पॉल लाझार्सफेल्ड यांच्या 1935 मधील लेखात ठळकपणे पुढे आला. वरवर साधा दिसणारा 'का?' हा प्रश्न मुळात संदिग्ध असतो, असे त्यांनी दाखवून दिले. 'हा साबण का घेतला?' असे विचारल्यास एक ग्राहक सुगंधाविषयी बोलेल, दुसरा शेजाऱ्याच्या शिफारशीविषयी, तर तिसरा किंमतीविषयी. पहिले उत्तर वस्तूच्या गुणाचे, दुसरे बाह्य प्रभावाचे व तिसरे ग्राहकाच्या परिस्थितीचे असते. अशा भिन्न जातीच्या उत्तरांची एकत्र बेरीज करणे निरर्थक ठरते. म्हणून प्रश्नाचा नेमका अर्थ निश्चित करणे आणि तो उत्तरदात्याच्या अनुभवाशी जुळवून घेणे आवश्यक आहे, असा लाझार्सफेल्ड यांचा आग्रह होता.

श्रेणी आणि मुक्त प्रश्न यांतील वाद :
तत्पूर्वी 1932 मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी अभिवृत्तीमापनाची पद्धती मांडली होती. विधानाशी असलेली सहमती वा असहमती पाच पायऱ्यांवर नोंदवून त्या अंकांची बेरीज करणे, हे तिचे सूत्र होते. 1928 मध्ये एल. एल. थर्स्टन यांनी सुचविलेल्या पद्धतीत विधानांचे मूल्य ठरविण्यासाठी परीक्षकांची आवश्यकता असे. लिकर्ट यांच्या पद्धतीने ती दूर केली आणि मापन सुलभ झाले.

येथे इतिहासातील एक विलक्षण बाब लक्षात घेतली पाहिजे. ज्यांचे नाव पाच चौकटींशी कायमचे जोडले गेले, तेच लिकर्ट 1939 पासून अमेरिकेच्या कृषी खात्यातील सर्वेक्षण विभागाचे प्रमुख असताना मुक्त प्रश्नांचे पुरस्कर्ते होते. उत्तरदात्याने स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यावे आणि त्याचे वर्गीकरण नंतर करावे, अशी त्यांच्या विभागाची कार्यपद्धती होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्ध माहिती कार्यालयातील एल्मो विल्सन यांचा विभाग मात्र निश्चित पर्यायांच्या बंदिस्त प्रश्नांवर भर देत होता. एका बाजूला आशयाची समृद्धी, तर दुसऱ्या बाजूला वेग, काटकसर व तुलनाक्षमता असा हा वाद होता.

या वादावर लाझार्सफेल्ड यांनी 1944 मध्ये तडजोडीचा प्रस्ताव मांडला. आरंभी मुक्त मुलाखतींतून लोकांच्या विचारांची चौकट समजून घ्यावी, त्यावरून बंदिस्त प्रश्न तयार करावेत आणि संख्यात्मक निष्कर्षांचा उलगडा करण्यासाठी पुन्हा मुक्त मुलाखतींकडे वळावे, असा त्याचा आशय होता. म्हणजेच दोन प्रश्नप्रकारांतील निवडीपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा मानला गेला. नंतरच्या व्यवहारात बंदिस्त प्रश्न टिकून राहिले. त्यांच्या आधीची पायरी मात्र बहुतेक ठिकाणी गळून पडली.

शब्दरचना व पर्याय यांचा प्रभाव :
बंदिस्त प्रश्न तटस्थ असतो, हा समज प्रयोगांनी खोटा ठरविला. डोनाल्ड रग यांच्या 1941 मधील प्रयोगात लोकशाहीविरोधी भाषणांना 'परवानगी द्यावी का?' असे विचारले असता 62 टक्के लोकांनी नकार दिला. परंतु ती 'निषिद्ध करावीत का?' असे विचारले असता होकार देणारे केवळ 46 टक्के होते. तार्किकदृष्ट्या दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच आहे. स्टॅन्ले पेन यांनी 1951 मधील आपल्या ग्रंथात प्रश्नांच्या शब्दरचनेचाच सविस्तर विचार केला.

पर्यायांचा प्रभाव याहूनही खोल असतो. हॉवर्ड शूमन व जॅकलिन स्कॉट यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात देशापुढील सर्वांत महत्त्वाची समस्या विचारली होती. मुक्त प्रश्नाच्या उत्तरात अवघ्या 2.4 टक्के लोकांनी ज्या चार समस्यांपैकी एखादी सांगितली, त्याच चार समस्या पर्याय म्हणून दिल्यावर 60 टक्के लोकांनी त्यांतील एकीची निवड केली. वेगळी समस्या सांगण्याची मुभा असूनही असे घडले. 'इतर' ही चौकट ठेवल्याने ग्राहकाला मोकळीक मिळते, या समजुतीच्या मर्यादा यावरून स्पष्ट होतात.

सेवाक्षेत्र : बावीस विधानांपासून एका प्रश्नापर्यंत :
सेवेची गुणवत्ता मोजण्यासाठी पारसुरामन, झाइथामल व बेरी यांनी 1988 मध्ये 'सर्व्हक्वाल' ही मापनश्रेणी सिद्ध केली. ग्राहकाची अपेक्षा व त्याचा प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतर ती 22 विधानांच्या जोड्यांद्वारे मोजते. या विधानांपूर्वी ग्राहकांशी गटचर्चा झाल्या होत्या, ही गोष्ट महत्त्वाची आहे. येथे लाझार्सफेल्ड यांनी सुचविलेला क्रम पाळला गेला. मूळ श्रेणीतील नकारार्थी विधाने उत्तरदात्यांचा गोंधळ उडवितात असे आढळल्यावर 1991 मध्ये ती होकारार्थी करण्यात आली.

याच सुमारास, 1990 मध्ये, बिटनर, बूम्स व टेट्रो यांनी विमानसेवा, हॉटेल व उपाहारगृह यांच्या ग्राहकांकडून सुमारे 700 प्रत्यक्ष प्रसंग मिळविले. जॉन फ्लॅनागन यांच्या 1954 मधील निर्णायक प्रसंग पद्धतीचा हा उपयोग होता. 'कर्मचारी तत्पर होते' या विधानासमोरील खूण जे सांगू शकत नाही, ते असा एक प्रसंग सांगतो.

2003 मध्ये फ्रेडरिक राइकहेल्ड यांनी 'आपण या कंपनीची शिफारस मित्राला कितपत कराल?' हा एकच प्रश्न 0 ते 10 या श्रेणीवर विचारण्याचा पुरस्कार केला. त्यात 9 व 10 अंक देणारे पुरस्कर्ते, 7 व 8 देणारे उदासीन आणि 0 ते 6 देणारे टीकाकार मानले जातात. पुढे या अंकाला जोडून 'असा अंक का दिला?' हे विचारण्याची प्रथा पडली. 1935 मधील 'का?' अशा रीतीने परतला.

मराठी प्रपत्रांच्या संदर्भात :
या इतिहासाचा मराठीतील प्रपत्रांशी थेट संबंध पोहोचतो. 'सेवेत विलंब झाला नाही ना?' या प्रश्नाला 'हो' असे उत्तर आल्यास विलंब झाला की झाला नाही, हे निश्चित करता येत नाही. 'कर्मचारी नम्र व तत्पर होते का?' या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. नम्र परंतु संथ कर्मचाऱ्याविषयी ग्राहकाने कोणती खूण करावी? इंग्रजी प्रपत्राच्या शब्दशः अनुवादातून येणारे 'अंशतः असहमत' यांसारखे पर्याय बोलण्यात क्वचितच वापरले जातात.

उच्च शिक्षणक्षेत्रही यास अपवाद नाही. विद्यार्थ्याला ग्राहक मानावे काय, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. प्रपत्राची रचना मात्र तीच आहे. नॅकने 2017 च्या सुधारित आराखड्यात आणलेल्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात 0 ते 4 या श्रेणीवरील 20 प्रश्न व सुधारणेसाठी सूचना मागणारा 21 वा मुक्त प्रश्न होता. वीस प्रश्नांची सरासरी सहज निघते व अहवालात समाविष्ट होते. एकविसाव्या उत्तरासाठी ते वाचणारा माणूस लागतो.

निष्कर्ष :
1. मुक्त, बंदिस्त व श्रेणीयुक्त हे प्रश्नप्रकार परस्परांचे पर्याय नसून एकाच प्रक्रियेच्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत.
2. बंदिस्त प्रश्न संस्थेने आधीच कल्पिलेल्या उत्तरांचे मापन करतो. संस्थेला न सुचलेली तक्रार त्यात अदृश्य राहते.
3. अन्यत्र तयार झालेले प्रपत्र जसेच्या तसे स्वीकारण्यापूर्वी काही ग्राहकांशी किंवा विद्यार्थ्यांशी मोकळा संवाद साधून प्रश्न निश्चित करणे आवश्यक आहे.
4. एका प्रश्नात एकच बाब विचारावी, नकारार्थी रचना टाळावी आणि पर्यायांची भाषा उत्तरदात्याच्या नित्य वापरातील असावी.
5. मुक्त उत्तरांचे वाचन व वर्गीकरण करण्याची जबाबदारी प्रपत्र वाटण्यापूर्वीच निश्चित व्हावी. तशी व्यवस्था नसेल, तर त्या दोन रिकाम्या ओळी ग्राहकाला बोलण्याचा केवळ आभास देतात.